सेमला मार्क नाहीत

चष्मेबाईंनी बत्तीस वर्षांत एकाही माणसाला उत्तर सांगितलं नव्हतं.

त्यांचं कामच तसं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात दोन नंबरच्या खोलीत त्या नंबर तपासायच्या. आलेला माणूस उंच खुर्चीत बसायचा, नाकावर जड फ्रेम चढायची, समोरच्या पाटीवरची अक्षरं उजळायची. बाई फ्रेममध्ये काच घालायच्या, काढायच्या, दुसरी घालायच्या आणि विचारायच्या, "हे बरं, की हे?" दिवसातून दोनतीनशे वेळा तरी. एखादा वैतागून म्हणायचा, "तुम्हीच सांगा ना बाई, तुम्हाला माहीत असेल." त्यावर त्यांचं ठरलेलं होतं. "डोळे तुमचे आहेत. पुन्हा बघा."

सगळ्यात शेवटी छोट्या दांड्याची एक काच निघायची. ती डोळ्यापुढे धरायची आणि दांडा बोटांत फिरवून उलटी करायची. एक बाजू, मग दुसरी. ज्या बाजूला बरं दिसेल तिकडे फ्रेममधल्या काचेचा कोन किंचित सरकवायचा आणि पुन्हा विचारायचं. असं करता करता माणूस गोंधळायचा, ओशाळून म्हणायचा, "आता दोन्ही सारखंच दिसतंय हो." त्याला वाटायचं आपलं चुकलं. बाईंना मात्र तेव्हा घरी पोचल्यासारखं वाटायचं. दोन्ही सारखं दिसलं, म्हणजे कोन अचूक बसला. 'सारखंच' यापेक्षा चांगलं उत्तर त्या खोलीत नव्हतं.

मग दवाखान्यात नवे मोठे डॉक्टर आले. माणूस भला, शस्त्रक्रियेत हात हलका, पण मराठीशी त्यांची ओळखपाळख नव्हती. सूचना निघाली की तपासणीच्या खोल्यांत जे बसतात त्यांनी रुग्णाची हकिकत डॉक्टरांना स्वतः इंग्रजीत सांगायची. कुठला डोळा जास्त अधू, मागच्या खेपेपेक्षा बरं आहे की वाईट, सगळी तुलनाच. त्यासाठी गुरुवारी अकरा वाजता तोंडी परीक्षा. पास होईल तो खोलीत राहील, बाकीच्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवणार.

बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. नाव, वय, पत्ता विचारत तीन वर्षं काढायची ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं आपण होऊन पदर खोचला. दोघी कामावरून आल्या की चार ते पाच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी.

"हे बघा आई. शब्द छोटा असेल तर त्याच्या शेपटीला 'अर' लावायचं. टॉल, टॉलर. शब्द लांबलचक असेल तर पुढे 'मोअर'. आणि मग 'दॅन'."

"आणि गुडचं?"

"गुडचं बेटर, बॅडचं वर्स. ते दोघे कुणाचं ऐकत नाहीत."

"असतो असा एकेक घरात," बाई म्हणाल्या आणि दारात बूट काढून तिथेच टाकणाऱ्या मुलाकडे बघितलं.

पाठांतराला बाई पक्क्या होत्या. तीन दिवसांत चाळीस विशेषणं, तिन्ही रूपांसकट, घडाघडा. गाडी अडली ती पुढे. सुनेनं दोन चमचे समोर ठेवले. यातला लांब कुठला, इंग्रजीत सांगा. बाईंनी दोन्ही उचलले, मुठी जुळवल्या, उजेडाकडे धरून निरखले आणि समाधानानं म्हणाल्या, "सेम."

"आई, एक चांगला बोटभर लांब आहे!"

"बोटभर कुठला? तीन मिलिमीटर असेल. वाकलाय म्हणून तसं वाटतं."

सुनेनं पुस्तक उघडलं. एका पानावर डोंगर, दुसऱ्यावर समुद्र. "यातलं जास्त सुंदर काय?"

"सेम."

"डोंगर आणि समुद्र सेम?"

"ज्याला जे आवडेल ते. मी कोण सांगणारी?"

"अहो, परीक्षेत तुम्हीच सांगायचंय. सेमला मार्क नाहीत!"

तेवढ्यात मुलगा चहाला आला. टेबलावर दोन कप होते, एक आईनं केलेला, एक बायकोनं. सून वळली. "तू शिकव आता आईंना. सांग, कुणाचा चहा बेटर?"

तो कपांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला जरा किल्ली सापडत नाहीये," आणि बाहेर सटकला.

"याला पण बसवा परीक्षेला," सून म्हणाली. "मायलेकरं जोडीनं नापास व्हा."

बुधवारी दुपारी टेबलाशी बसल्याबरोबर बाई म्हणाल्या, "राहू दे गं. खिडकीवर बसेन. नाव-वय-पत्ता विचारायला काय डोकं लागतं?" बोलल्या अगदी सहज. पण हातात काचा पुसायचं मऊ फडकं होतं, दवाखान्यातून चुकून पर्समध्ये आलेलं. त्याची त्या घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

सुनेनं पुस्तक मिटलं. "आई, माझे डोळे तपासाल? दोन महिने झाले, वह्या तपासताना डोकं चढतं."

"दोन महिने? आणि आज सांगतेस?" बाई उठल्यासुद्धा.

दवाखान्यातली दोन नंबरची खोली त्या वेळी रिकामीच असायची. सून उंच खुर्चीत बसली. शाळेत पन्नास पोरांना दमात घेणारी ती, पण फ्रेम चढली तशी तिचे खांदे आवळले.

"हे बरं, की हे?"

"दुसरं. नाही, थांबा, पहिलं. आई, बरोबर कुठलं?"

"बरोबर-चूक काही नसतं इथे. दिसतं ते बोल. तू बोलली नाहीस तर पुढची काच कुठली घालायची हे मला कळायचं कसं?"

सुनेनं फ्रेम काढून मांडीवर ठेवली.

"हेच उद्या करायचंय, आई. तुम्ही बोलला नाहीत तर त्या डॉक्टरांना पुढचं कळायचं कसं?"

बाईंनी हातातली काच उगाच पुसली.

"उठा," म्हणत सून खाली उतरली. "बसा इथे."

"मी?"

"तुम्हीच."

बत्तीस वर्षांत बाई त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. रोजच्या स्टुलापेक्षा ती फारच उंच निघाली. पाय अधांतरी राहिले. पाटीवरची अक्षरं, जी त्या झोपेतही म्हणू शकल्या असत्या, आज परकी दिसत होती. सुनेनं दांड्याची काच त्यांच्या डोळ्यापुढे धरली आणि गर्रकन फिरवली.

"वन ऑर टू?"

"अगं, सरळ धर. आणि इतकी भरभर नाही फिरवायची."

"वन ऑर टू?"

"से—" बाई थांबल्या. पुन्हा बघितलं. खरंच बघितलं. दुसऱ्या वेळी अक्षरांच्या कडा जरा रेखीव होत्या. जराशाच, पण होत्या. आणि ते त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं.

"टू," त्या म्हणाल्या. घसा खाकरला. "टू इज क्लिअरर दॅन वन."

सुनेनं टाळी वाजवली. बाईंनी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, तपासणी पुरी केली, आकडा कागदावर लिहिला आणि ताठ उभं राहून, जणू समोर मोठे डॉक्टरच आहेत अशा थाटात, म्हणाल्या, "हर लेफ्ट आय इज वीकर दॅन हर राइट आय."

"वा, आई!" सून म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात अर्थ शिरला. "म्हणजे? मला चष्मा?"

"डाव्याला पाऊण नंबर. डोकं चढायचं थांबेल आता."

गुरुवारी अकरा वाजता बाई परीक्षेला गेल्या. सुनेचा त्या दिवशी शाळेत चौथा तास होता. तिनं मुलांना निबंध लिहायला बसवलं आणि स्वतः घड्याळाकडे बघत राहिली.

चारला ती घरी आली तेव्हा बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर घडी घातलेला कागद. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

"आई?"

"दोन नंबरची खोली," बाई म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला.

सुनेनं तो दोनदा वाचला आणि पर्स न काढताच खुर्चीत बसकण मारली. "काय विचारलं? डोंगर-समुद्र?"

"तसलंच. एक गल्ली होती आणि एक मोठा रस्ता. गल्ली जास्त शांत म्हटलं. मग परीक्षक बाई म्हणाल्या, घरातल्या कुणाशी तरी स्वतःची तुलना करा. मी तुलाच धरलं."

"मला? काय सांगितलंत?"

बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "शी इज टॉलर दॅन मी. शी इज लाउडर दॅन मी. हर टी इज वर्स दॅन माय टी."

"आई!"

"दिसतं ते बोलायचं, असं ठरलं होतं ना आपलं?"

"चहा वर्स?"

"पाणी फार घालतेस. बरं, पुढे ऐक. शी इज मोअर पेशंट दॅन मी, तुला धीर जास्त, हेही सांगितलं."

सून जरा निवळली. "आणि?"

"आणि शेवटी त्या परीक्षक बाईंना हसू आलं. म्हणाल्या, दोघींत जास्त हट्टी कोण?"

"मग?"

"मग मी विचार केला. चांगला वेळ घेतला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं." बाईंनी बोटांत नसलेला दांडा फिरवून दाखवला. "आणि म्हटलं, सेम."

"अहो आई! सेमला मार्क नाहीत, किती वेळा सांगितलं!"

"दिले त्यांनी," बाई म्हणाल्या.

सून हसत हसत चहा टाकायला उठली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तू बस. आज चहा मी करते."