पाठीमागे लुकलुकलेला बल्ब

विजेच्या करवतीने सुतार भावजींचं बोट घेतलं नव्हतं, पण झोप मात्र उडवली होती. वीज गेली म्हणून त्यांनी अडकलेली ढलपी काढायला हात घातला, हात बाहेर घेतला आणि तेवढ्यात वीज आली. बटण चालूच राहिलेलं. तेव्हापासून ते हातकरवतीने कापत होते. एका खुर्चीला आठवडा लागू लागला, आणि गिऱ्हाईक काही खुर्चीसाठी जन्म काढत नाही. शेवटी त्यांनी यंत्र विकायला काढलं. घेणारा आज संध्याकाळी येणार होता. करवत गेली की मागोमाग दुकान जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. तोंड मात्र कुणी उघडत नव्हतं.

वहिनीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोने उघडलं. ती इन्व्हर्टर दुरुस्त करायची. तिने एक खोकं बनवून आणलं. आत नखाएवढा संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, त्याच्या हुकुमावर ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरच्या जोरावर रिले नावाचा आपोआप उघडझाप होणारा स्विच, आणि रिलेपलीकडे करवतीची दांडगी वीज. वीज जाऊन आली तरी बटण पुन्हा दाबल्याशिवाय करवत फिरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

"म्हणजे मुंगीने हत्तीला उठवायचं," भावजी म्हणाले.

"उठवायचं सोपं असतं हो. झोपवून ठेवायचं अवघड."

करवतीच्या जागी तिने आधी बल्ब जोडला. बटण दाबलं, लागला. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला. बल्ब विझलेलाच राहिला.

"झालं तर मग," म्हणत भावजी करवतीच्या तारा घ्यायला वळले. वहिनीने उगाच आणखी एकदा स्विच खालीवर केला. बल्ब लुकलुकला, पापणी लवावी इतकाच.

चूक तिच्या ध्यानात आली. घरी तिने हे खोकं कायम लॅपटॉपच्या वायरवर चालवलं होतं. कंट्रोलर कधी झोपलाच नव्हता, मग जागा होताना काय करतो हे कोण बघणार? त्याला भान येईपर्यंत ट्रान्झिस्टरची तार अधांतरी राहते, आणि रिले चुकून लागू शकतो. त्या तारेला शून्य व्होल्टशी बांधून ठेवणारा एक क्षुल्लक रेझिस्टर वहिनी बसवायला विसरली होती. भावजींनी काही पाहिलं नव्हतं, आणि घेणारा यायला फार वेळ उरला नव्हता.

"भावजी, जोडू नका. आज नाही."

"का? चाललं की."

"तुमची पाठ होती तेव्हा बल्ब लुकलुकला. चूक माझी आहे. आज घरी जाऊन दुरुस्त करते, पण उद्या माझं मन भरेपर्यंत तपासल्याशिवाय तुमचा हात तिथे जाऊ देणार नाही. तो माणूस आजच येतोय, ठाऊक आहे मला."

भावजी फळीवर बसले. पायाने भुसा बाजूला सारला.

"खरं सांगू वहिनी? मघाशी मी नुसता तुमचा मान राखत होतो. जोडून झालं असतं, तरी विकलीच असती. पात्याजवळ जायची छाती नव्हती माझी."

वहिनीला वाईट वाटलं. "पण मला न दिसलेली चूकही तुम्ही सांगितलीत," म्हणत भावजींनी खिशातून फोन काढला.

"अहो, निघाला नसाल तर निघू नका. करवत द्यायची नाही म्हणतोय." करवत चालू झाली का, अशी पलीकडून विचारणा झाली. "नाही हो, चालू कुठली व्हायला. आमच्या वहिनी जोडूच देत नाहीयेत."