खांबेट्यांच्या बोळातली गाय

होळीची राख अजून कोमट होती, तेव्हाच अनंतपंत खांबेट्यांनी आपली गाय बोळाच्या तोंडाशी आणून बांधली. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे दगडमातीची गव्हाण उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सरुबाईच्या लक्षात आलं, की आपली झोपडी जाणार.

हा बोळ म्हणजे काही रस्ता नव्हे. पेशवाईत पुणं वाढलं, नारायण पेठेत वाडे एकमेकांकडे पाठ करून बसले आणि दोन पाठींच्या मध्ये चार हात जागा सुटली, तो बोळ. पलीकडचं टोक भिंतीने बंद. पुढल्या दाराने पाहुणे आणि भिक्षुक यायचे, मागल्या बोळातून सरुबाई यायची. बोळात सात वाड्यांचे शेतखाने ओळीने पाठमोरे उभे होते आणि प्रत्येकाला खाली हातभर रुंद झडप होती. सरुबाई उजाडता उजाडता टोपली, फावडं नि राख घेऊन आत शिरायची आणि झडप उघडण्याआधी "येऊ का?" असा आवाज द्यायची. आत कुणी असलं तर तो खाकरायचा. बोलायचा नाही, कारण जानवं कानाला अडकवलेलं असताना ब्राह्मणाने बोलायचं नसतं. खाकरणं ऐकू आलं की सरुबाई पुढच्या झडपेकडे सरकायची, नाही आलं की कामाला लागायची. मैला ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात जायचा, सहा महिन्यांनी त्याचं सोनखत व्हायचं, ते माळी न्यायचे आणि त्यावर पोसलेली वांगी याच सात वाड्यांत सोवळ्याने शिजायची. या विषयावर पेठेत चर्चा होत नसे.

हलालखोरीचं हे काम सरुबाईला सासूकडून आलं होतं, सासूला तिच्या सासूकडून. कामाबरोबर ओढ्याकाठची एक झोपडी आणि सात दारची भाकरी. काम गेलं की दोन्ही गेलं, इतका साधा करार. तो कुठे लिहिलेलाही नव्हता.

आता बोळाच्या तोंडात गाय आणि गव्हाण बसल्यावर टोपली जाईल एवढी फट उरली नव्हती. गायीला हाताने बाजूला सारावं, तर हलालखोरणीने गायीला शिवलं म्हणून पेठ उठली असती. टोपली गायीच्या पाठीवरून न्यावी, तर पेठ उठून तिच्या झोपडीपर्यंत आली असती. म्हणून सरुबाईने रस्त्यात उभं राहून हाक मारली.

"म्हाराज, गाय वाईच सरकवा. दोन दिस झालं, आत जाता येत न्हाई."

पंत माडीच्या खिडकीत होते. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, "ऊन फार आहे हो यंदा," असं आकाशालाच सांगितलं आणि खिडकी लावून घेतली.

पंतांचा हिशेब साऱ्या पेठेला ठाऊक होता. बोळाची जागा कुणाचीच नाही, याचा अर्थ ती अजून आपली झालेली नाही, एवढाच ते करत. गव्हाण फाल्गुनात बांधलेली. पाडवा उलटला, संवत्सर बदललं, की ती 'गेल्या सालची गव्हाण' होणार. मग कुणी विचारलंच, तर "अहो, गेल्या सालापासूनची वहिवाट आहे," असं डोळ्याला डोळा भिडवून सांगता येणार होतं. आणि ते खोटंही नसतं. पंत खोटं बोलत नसत. खरं सोयीचं होईपर्यंत ते थांबत.

उरलेले सहा वाडे गप्प होते. खांबेट्यांना हे जमलंच, तर आपल्याही पाठीमागे एकेक गव्हाण बांधावी, असं सहाही जणांच्या मनात होतं. पण वास तर येत होता, आणि तो दिवसागणिक मोठा होत होता. तेव्हा सहाही वाड्यांनी एकमताने, जे पेठेत क्वचितच होई, कोतवालीत तक्रार गुदरली. गायीविरुद्ध नव्हे. सरुबाई कामावर येत नाही, अशी.

कोतवालीच्या चावडीवर दिगंबरपंत आठल्ये नावाचे कारकून होते. माणूस मनाने मऊ, कागदाने कडक. त्यांनी सरुबाईला बोलावून घेतलं. ती पायऱ्यांच्या खाली, लांब उभी राहिली.

"सरुबाई, अमावास्येपर्यंत बोळ साफ झाला नाही, तर काम दुसऱ्या कुणाला द्यायचा हुकूम आहे. पाडव्याला गुढ्या उभारायच्या आणि हा असला वास! काय म्हणणं आहे तुझं?"

"जाऊ कुठनं म्हाराज? तोंडात गाय हाय."

"कुणाची?"

"समद्या पेठंला ठावं हाय."

"पेठेला ठाऊक असून भागत नाही. मालकाच्या तोंडचं लिहून आणायचं, असा इथला दंडक आहे. खांबेटे म्हणाले 'गाय माझी', की मी म्हणणार 'मग हलवा'. त्यात काय एवढं?"

दिगंबरपंत त्या सात वाड्यांना पुढल्या दाराने ओळखत होते. सरुबाई मागून ओळखत होती.

त्रयोदशीच्या सकाळी दिगंबरपंत कागद, बोरू घेऊन खांबेट्यांकडे गेले. बरोबर हिंदुराव नावाचा चावडीवरचा शिपाई. सरुबाई रस्त्याच्या पलीकडे थांबली. अनंतपंत ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. दारात कारकून दिसताच त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, शांतपणे जानवं उजव्या कानाला गुंडाळलं, तांब्या उचलला आणि मागल्या अंगणाकडे चालू लागले.

दिगंबरपंतांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. कानाला जानवं लावलेल्या माणसाला हटकायचं म्हणजे काय!

खांबेट्यांचं कुटुंब आनंदीबाई माजघराच्या दारात आल्या. "बसा. यायला वेळ लागेल."

वेळ लागला. पंत आले, हाताला माती लावून झाली, पाणी झालं, बारा चुळा झाल्या, जानवं कानावरून उतरलं. दिगंबरपंत पुढे सरसावले, तोवर पंत स्नानाला गेले होते. स्नानानंतर संध्या, तीत बोलायचं नाही. मग पूजा. मग जेवण, तेही मौनाने. मग वामकुक्षी, आणि झोपलेल्या ब्राह्मणाला उठवायचं पाप कोण घेणार? तिसऱ्या प्रहरापर्यंत पंतांच्या दिवसात एक प्रश्न घुसवता येईल एवढीसुद्धा फट नव्हती. बोळाच्या तोंडासारखीच गत.

दिगंबरपंतांनी शेवटी आनंदीबाईंना विचारलं, "वहिनी, तुम्हीच सांगा. गाय कुणाची?"

"गायीचं सगळं हे बघतात. मी फक्त दूध तापवते."

"दूध कुठून येतं मग?"

"चरवीतून."

चतुर्दशीलाही हेच झालं. फरक इतकाच, की जानवं एकदा कानाला चढलं की ते वाया घालवता येत नाही. उचललेला तांब्या त्या जागी न्यावाच लागतो, आणि तिथे रीतसर बसावं लागतं. ती जागा तर होळीपासून झाडलेली नव्हती. पंत बाहेर आले ते पडवळासारखे पांढरे पडून. पण डोळ्यांत चमक होती, कारण पाडवा परवावर आला होता.

परतताना दिगंबरपंत सरुबाईजवळून, म्हणजे दहा हातांवरून, गेले.

"काय बोललं का?" तिने विचारलं.

"मौनात होते."

"मी बी मौनात ऱ्हाते म्हाराज. माजं घर ऱ्हाईल?"

दिगंबरपंतांना त्या रात्री जेवण गेलं नाही, असं पुढे ते सांगत. त्यांच्या घरचे म्हणत, गेलं होतं.

अमावास्येला ते आले, तेव्हा कंबरेला खोचलेल्या कागदांत दुसऱ्या हलालखोराच्या नावाचा हुकूमही होता. सरुबाई सकाळपासून रस्त्याच्या कडेला बसून होती. झोपडीतलं सामान तिने बांधायला घेतलं नव्हतं. बांधण्यासारखं फारसं नव्हतंही. आत पंतांनी कारकुनाला पाहिलं, जानवं कानाला चढलं, तांब्या उचलला गेला. पंत आज थोडे धडपडत गेले.

दिगंबरपंत बाहेर आले आणि त्यांनी कंबरेला हात घातला. "सरुबाई, माझा नाइलाज आहे."

"म्हाराज, कागूद काढायच्या आदी येक इचारू?"

"विचार."

"त्यास्नी आत बोलता येत न्हाई. पर खाकरता येतंया न्हवं? मी रोज आवाज देते, आन् समदी थोर मानसं मला खाकरून सांगत्यात. त्येनं कुनाचं सोवळं मोडलं न्हाई आजवर."

दिगंबरपंत विचारात पडले. खाकरणं हे बोलणं नव्हे. पण उत्तर मात्र होतं. याविरुद्ध कुठलं वचन त्यांना आठवेना, आणि त्यांना बरीच वचनं आठवत असत.

खांबेट्यांचा शेतखाना बोळातला पहिलाच. गव्हाणीपासून भिंत जेमतेम तीन हातांवर. दिगंबरपंत नाकाला उपरण्याचं टोक लावून गायीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी भिंतीला उद्देशून आवाज चढवला.

"अनंतपंत खांबेटे! कोतवालीतून विचारणा आहे. ही गाय आपली असेल तर खाकरा!"

आतून काही नाही.

"दुसऱ्यांदा विचारतो. गाय आपली असेल तर खाकरा!"

भिंत गप्प. खाकरावं तर गाय आपली ठरते, आणि आपली ठरली की आजच हलवावी लागते. पंत श्वास धरून बसले असणार, हे सरुबाईला न पाहता कळलं. त्या जागेत श्वास कसा धरायचा, हे पेठेत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि किती वेळ धरता येतो, हेही.

तिसरी विचारणा झाली. आतून एक बारीक, दाबून टाकलेला हुंकार आल्यासारखं वाटलं, पण त्याला खाकरणं म्हणता आलं नसतं. दिगंबरपंत गव्हाणीच्या काठावर टेकले आणि त्यांनी लिहिलं, वाचतही गेले, "तीन वेळा पुकारिले. गाईस मालक कोणी नाही."

"मंग म्हाराज," सरुबाई म्हणाली, "मालक नसल्या गाईचं काय करत्यात?"

दिगंबरपंतांचा बोरू थांबला. हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नव्हता. तीन दिवसांत एक शब्द न बोललेला हिंदुराव मात्र खाकरून, रस्त्यावर थुंकून म्हणाला, "कोंडवाड्यात घालत्यात."

"हो," दिगंबरपंत सावकाश म्हणाले. "घालतात खरं."

हिंदुरावाने दावं सोडलं. "चल गं बये." गायीला परकं माणूस कळलं, तिने पाय रोवले आणि मोठ्यांदा हंबरडा फोडला.

"अहो! हात लावू नका! माझी गाय आहे ती! कपिला!"

आवाज भिंतीतून आला, घोगरा, पण स्वच्छ. बोळावरच्या सहा मागल्या खिडक्या उघडल्या. हिंदुराव थांबला. दिगंबरपंतांनी बोरू उचलला, शाईत बुडवला आणि तसाच धरून वर पाहिलं. मागल्या सज्जात आनंदीबाई येऊन उभ्या होत्या.

"वहिनी, अनंतपंतांचं जानवं या घटकेला कुठे आहे?"

"कानावर. अजून हातपाय धुवायचेत."

"मग आत्ता हे कोण बोललं?"

आनंदीबाईंनी जरा विचार केला. पंत बोलले म्हणावं, तर मौन मोडलं, तेही तसल्या जागी, सहा खिडक्यांच्या देखत. मग उद्या गुढीची पूजा कुणी करायची? नाही म्हणावं, तर गाय जाते. शिवाय गेले पंधरा दिवस तो वास त्यांच्या चुलीपर्यंत येत होता, आणि त्याबद्दल त्यांना घरात कुणी काही विचारलं नव्हतं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "कानाला जानवं असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही."

आत तांब्या आपटल्याचा आवाज झाला.

"योग्य आहे," दिगंबरपंत म्हणाले आणि त्यांनी बोरू पुसला. "न बोललेलं लिहिता येत नाही. हिंदुराव, न्या गाय."

गाय गेली. पंतांना तसंच धावत जाता येईना. त्यांनी माती लावली, पाणी घेतलं, चुळा भरल्या आणि त्याही बारा भरल्या, एकसुद्धा चुकवली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. तोवर कपिला चावडीच्या कोंडवाड्यात पोचून सरकारी कडबा खात होती.

"आन् गव्हाण?" सरुबाईने विचारलं.

"गव्हाण गायीची असते," दिगंबरपंत म्हणाले. "गायच नाही म्हटल्यावर हे नुसते रस्त्यात पडलेले दगड झाले." हिंदुरावाने परत येऊन ते चार लाथांत बाजूला केले. दुसऱ्याच्या नावाचा हुकूम दिगंबरपंतांनी फाडला नाही, कागद फाडणं त्यांना जमत नसे. त्यांनी त्याची घडी घालून पाठकोऱ्या कागदांत ठेवला.

दुपारी अनंतपंत चावडीवर गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून, मोठ्याने, गाय आपली असल्याचं आणि ती यापुढे आपल्याच अंगणात बांधली जाईल असं सांगून सही करून आले. येताना गाय पुढे होती आणि ते मागे.

तोवर सरुबाई बोळात शिरली होती. पंधरा दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं होतं. ओढ्यापर्यंत तिच्या किती खेपा झाल्या, ते तिने मोजलं नाही. चौथ्या वाड्याशी आली, तेव्हा मुक्ताबाईंनी पदर नाकाला लावून खिडकीतून डोकं काढलं.

"ऐन जेवणाच्या वेळी गं? सणाच्या आदल्या दिवशी? उजाडता यायला काय झालं होतं?"

"उशीर झाला बाई."

"आणि पंधरा दिवस होतीस कुठे?"

"हितंच. गाईच्या पल्याड."

मुक्ताबाईंनी खिडकी लावली. सरुबाईने टोपलीत राख पसरली आणि फावडं उचललं. अजून तीन वाडे राहिले होते.