चहाच्या बंबातली बिअर

नोझुको मावशी तिच्या फ्लॅटमध्येच राहणार, हे शनिवारी दुपारी ठरलं. पण ते आपल्याला अजून माहीतच नाही असं समजू या. अजून बुधवार आहे, कडाक्याची थंडी आहे, आणि थोझामिले मामाचा गावाहून फोन आला आहे.

"शनिवारी येतो पोर्ट एलिझाबेथला," मामा म्हणाला. "बाबांच्या आत्म्यासाठी बिअर करून ठेव. पूर्वजांना तुझं घर सापडलं तर राहा खुशाल. नाही सापडलं तर सामान बांध आणि माझ्याबरोबर गावी चल. बाईमाणसाने असं एकटं हवेत लटकून राहायचं नसतं."

"चौथा मजला आहे दादा, हवा नाही. लिफ्ट आहे."

"ते लिफ्टमध्ये शिरत नाहीत."

मावशीने फोन ठेवला. माझ्याकडे यावर उत्तर होतं, पण भाच्याला कोण विचारतो.

आमच्यात ही बिअर अंगणात, तीन पायांच्या लोखंडी हंड्यात, लाकडावर शिजते. मावशीला अंगण नव्हतं. इमारतीच्या कमिटीची पाटी मात्र होती : घरात जाळ करणाऱ्यास घर खाली करावे लागेल. म्हणून तिने चर्चमधून चहाचा इलेक्ट्रिक बंब मागून आणला. मयताला आलेल्या गर्दीला चहा पाजायचा बंब. शहरात वारलेल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांना त्यानेच निरोप दिलाय, तेव्हा पूर्वजांशी त्याची ओळख आहेच, असं मी म्हणालो. मावशीने माझ्या हातात पळी दिली.

मक्याचं पीठ आणि मोड आणलेल्या ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात कालवून आंबवायचं असतं. थंडीत ते आंबेना. मावशीने टब आपल्या पलंगावर ठेवला, त्याला विजेवर तापणारी चादर गुंडाळली आणि स्वतः सोफ्यावर झोपली. लोडशेडिंग झालं की उठून स्वतःचं ब्लँकेटही त्यालाच पांघरायची. शेवटी टब बुडबुडायला लागला आणि मावशी शिंकायला.

शुक्रवारी शिजवायला घेतलं. चहाचा बंब चहासाठीच असतो, हे त्याने लगेच सिद्ध केलं. घाटा वर फदफदत होता आणि तळाशी गुपचूप करपत होता. धूर निघाला, छतावरचा अलार्म बोंबलायला लागला, आणि तेवढ्यात वीज गेली. बंब थांबला. अलार्म बॅटरीवर होता, तो थांबला नाही.

"लुखो, पळी कुठवर घालत होतास रे?"

"हात भाजत नव्हता तिथवर."

"केवढा शूर माझा वाघ!"

दुसरा घाटा करायला वेळ नव्हता. तोच गार केला, त्यात आणखी ज्वारीचं पीठ घातलं आणि त्याला पुन्हा पलंगावर झोपवलं.

शनिवारी बिअर गाळून होतेय तोवर मामा आला. जिन्याने. धापा टाकत होता, पण लिफ्टकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे मावशीने गुडघे टेकून पत्र्याच्या डब्यातला पहिला घोट स्वतः घेतला, बिअरमध्ये विष नाही हे दाखवायला. तिचा चेहरा बघून मला वाटलं, असावं. मग डबा मामाकडे गेला. तो डोळे मिटून प्यायला.

"लाकडावरची आहे," तो म्हणाला. "धुराची चव आहे. घर आहे हे, घर!"

"लाकडावरची?" दारातून आवाज आला. कमिटीच्या अध्यक्ष मिसेस फोर्टुइन आदल्या दिवशीच्या अलार्मची चौकशी करायला आल्या होत्या. "नोझुको, घरात जाळ केलास तू?"

हो म्हणावं तर बाई घराबाहेर काढणार, नाही म्हणावं तर भाऊ गावी नेणार. आता वीज जावी म्हणून मी मनात प्रार्थना केली. गेली नाही.

मावशी आत गेली आणि बंब उचलून आणून तिने मामापुढे आदळला.

"हे बघ दादा. लाकूड नाही की जाळ नाही. चहाचा बंब आहे, आणि मी घाटा करपवलाय. आता काय म्हणायचं ते म्हण."

मामाने आत डोकावलं. तळाची काळी खरवड नखाने काढून तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"आई," तो म्हणाला.

"काय आई?"

"आई दर वेळी करपवायची. गाव पाठीमागे हसायचं. बाबा मात्र 'वा, काय धुराची चव आहे' म्हणत डबा रिकामा करायचे. मला वाटायचं, बिअर अशीच असते."

"मलाही," मावशी म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली.

"राहा तू इथे. बाबा या वासावर बरोबर येतील."

मिसेस फोर्टुइननी एक डबा घेतला, "करपलीय" म्हणाल्या, आणि दुसरा मागितला.

आता प्रश्न एवढाच होता की आम्ही पूर्वजांशी बोलतो ते गोठ्याच्या दाराशी उभं राहून. मामाने बाल्कनीतून खाली पाहिलं, खाली गेला, आणि कुणाच्या तरी पांढऱ्या टोयोटासमोर उभं राहून बाबांना नवा पत्ता नीट समजावून सांगितला. हे लेखी असलेलं बरं, असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणून मी लिहून दिलं :

मा. अध्यक्ष, इमारत कमिटी यांस. सदर पार्किंगची जागा गोठा म्हणून घोषित करण्यात यावी, तेथे उभ्या राहणाऱ्या वाहनांस गुरे समजण्यात यावे, आणि यापुढे लोडशेडिंगच्या वेळा ठरवण्यापूर्वी आमच्या दिवंगत आजोबांची संमती घेण्यात यावी, ही नम्र विनंती.