डिम्फनाच्या नावाचा कायदा

डिम्फना जाऊन महिना झाला. चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा आटोपून लोक आमच्या घरी चहाला आले, तसा खासदार फिन्टन हॅनफीही आला. आयर्लंडमधल्या आमच्या या कॅव्हन गावात हा माणूस कुणाच्याच मरणाला जायचं चुकवत नाही. मतं तिथेच असतात. तीन सँडविचं त्याने उभ्या उभ्याच संपवली आणि आईशेजारी बसला.

"काकू, नव्या कायद्याला आपल्या डिम्फनाचं नाव द्यायचं ठरलंय. डॉक्टरांची चूक झाली की रुग्णाला सांगावीच लागेल. तुमची सही तेवढी हवी. आणि तिचा एक छानसा फोटो."

आई महिन्याभरात पहिल्यांदा हसली. भिंतीवरचा फोटो काढायला स्वतः उठली.

डिम्फना माझी धाकटी बहीण. तिचा तपासणीचा अहवाल चुकला होता. कॅन्सर असून नाही म्हणाले. पुढे हॉस्पिटलला चूक कळली, तरी चौदा महिने कुणी तोंड उघडलं नाही. तिने जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "तुम्ही विचारलंच नाहीत." त्या एका वाक्यावरून ती चार वर्षं रेडिओवर, सभांमध्ये भांडत फिरली. केस गळाले तरी फिरली.

फिन्टनने सहीसाठी आणलेला कायद्याचा मसुदा मी चाळला. चौथ्या पानावर होतं: रुग्णाने लेखी विचारणा केल्यास माहिती देण्यात येईल.

फिन्टनला मी स्वयंपाकघरात ओढलं. "हे काय आहे?"

"अगं ब्रीज, डॉक्टर अडून बसले होते. काहीच नसण्यापेक्षा बरं ना? आणि आईंना कशाला सांगतेस? चौऱ्याऐंशीव्या वर्षी किती खूश झाल्यात बघ."

खोटं कशाला बोलू, मला पटलं. मी किटली भरली, ओतून दिली, पुन्हा भरली. मिळू दे म्हातारीला एवढं सुख. तिला बारीक अक्षर दिसत नाही. ती विचारणारही नाही.

विचारणारही नाही! माझी मलाच शरम वाटली.

बाहेर आले तर आईने पेन उघडलं होतं.

"आई, थांब. तू विचारलं नाहीस, पण मी सांगते." मी ती ओळ मोठ्याने वाचली.

आईने ती माझ्याकडून आणखी दोनदा वाचून घेतली. मग पेनाला टोपण लावलं.

"फिन्टन, तुझ्या बापाला मी शाळेत शिकवलंय. तोही असाच अर्धा गृहपाठ आणायचा. ही ओळ काढून ये, मग नाव घेऊन जा."

"काकू, त्याला दोन-तीन वर्षं लागतील. तुमचं वय..."

"माझं वय मला माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणून लवकर ये."