नादकाटा आणि खोटा होकार

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क आहे आणि खरं सांगू, आता फार थकलो आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले माझे भाऊबंद गुणगुणून टाळ्या मिळवतात. माझ्या वाट्याला पाय आले. डॉक्टर मला तळहातावर आपटतात, मी थरथरू लागलो की माझा देठ अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि विचारतात, "जाणवतंय?" साखरेच्या आजारात पायाच्या नसा मुकाट्याने मरतात. थरथर कळेनाशी झाली की समजावं, पाय धोक्यात आहे.

महाळुंग्याच्या एका कंपनीत दरवर्षी कामगारांची तपासणी असते. बूट हातात घेऊन रांग लागते आणि रांगेतच पुढचा मागच्याला शिकवतो, "भावा, काहीही विचारलं तरी हो म्हण. नाहीतर अनफिट लिहितात, मशीनवरून काढतात." मग काय! दिवसभर नुसते होकार. तपासणाराही घाईत, खूण केली की पुढचा. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. पुढे पुढे तेही वाटेनासं झालं.

पत्रा दाबून आकार देणारं प्रेस मशीन चालवणारे मारुतराव त्याच गावचे. नऊ वर्षं साखरेचा आजार, आणि तीन वर्षं माझ्यासमोर ठणठणीत "व्हय". यंदा साधना नावाच्या नव्या डॉक्टर आल्या. त्यांनी मारुतरावांना डोळे मिटायला सांगितलं आणि मला न आपटताच त्यांच्या अंगठ्यावर टेकवलं.

"थरथरतंय का, मारुतराव?"

"व्हय मॅडम, झकास थरथरतंय!"

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मला आपटलं आणि मारुतरावांच्या मनगटावर ठेवलं. मारुतरावांनी खाडकन डोळे उघडले.

"असं असतंय व्हय थरथरणं? पायाला असलं कवाच न्हाई झालं."

डॉक्टरांनी दुसऱ्या पायातला मोजा काढायला लावला. तो रक्तानं चिकटला होता. बुटात शिरलेली पत्र्याची कपची तळव्यात रुतली होती आणि मारुतराव सकाळपासून त्यावर उभे होते.

"मॅडम, मशीनवरनं काढू नगा. पोरगी धावीला हाय," ते कसेबसे म्हणाले.

"बसून करायचं काम द्यायला मी लिहून देते. पण ही जखम चिघळली, तर पाय कापावा लागेल."

जखम भरायला दोन महिने लागले. मारुतराव आता बसून माल तपासतात. परवा डॉक्टरांनी मला पुन्हा त्यांच्या अंगठ्यावर टेकवलं.

"न्हाई जाणवत," ते हळूच म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या रांगेतून मला खरं उत्तर मिळालं ते हेच. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्यांची मुलगी मिनल आता रोज संध्याकाळी बापाचे तळवे बघते. मारुतराव संकोचून पाय ओढून घेतात, पण ती सोडत नाही. मित्रांनो, मी एकटा किती घरांना पुरणार? तुमच्याही घरी साखरेचा आजार असलेलं कुणी दिवसभर बूट घालून राबत असेल. "दुखतंय का?" एवढंच विचारून उठू नका. दुखत नाही म्हणाले, तर पाय उलटा करून बघा.