डाव्या नाकपुडीची साक्ष

हॉलमध्ये तीनशे माणसं तोंड उघडं टाकून बसली होती. भक्तीने नव्हे. नाकं बंद होती.

"लेकरांनो, नाक म्हणजे दार!" श्वासबाबा गरजले. "आणि दारात अडकलाय कोण? तुमचा पूर्वज! जाताना त्याचा शेवटचा श्वास अर्धा राहिला. तो तुमच्या नाकातून पुरा करायला बसलाय. वाट द्या त्याला!"

मग लाल लोकर गुंडाळलेली बाटली. दोन्हीकडे दोन-दोन थेंब. पहिला बसचा ड्रायव्हर. सहा वर्षं धड झोप नाही. दोन-तीन मिनिटांत त्याने असा श्वास ओढला की माइकने तो हॉलभर ऐकवला. माणसं रडली. मीही रडलो. ताईने मला कोपराने ढोसलं : "आता तुझा नंबर."

मी घड्याळं दुरुस्त करतो. जिन्याखालची खोली, खिडकी नाही, उभं राहिलं तर डोकं आपटतं. दार उघडून गार हवा आली की नाक गळतं, घड्याळ धुवायच्या बेंझिनच्या वासाने चोंदतं, गिऱ्हाइकाच्या अत्तराने दोन्ही होतं. उघड्या यंत्रात नाकातला एक थेंब पडला की आठवड्यात गंज. अशी तीन घड्याळं मी मारली. ताई घराच्या पुढच्या खोलीत इस्त्री करते, दिवसभर वाफेत. तिचंही तेच. आमच्या घरात दोन माणसं आणि चालू नाकपुडी एखादी.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंनी मागे चाचण्या केल्या होत्या. कशाचंही वावडं निघालं नाही. "ॲलर्जी नाही. तुमचं नाकच चिडकं आहे," म्हणाल्या. त्यांनी लिहून दिलेला फवारा मी दोन दिवस मारला, काही झालं नाही, फेकला.

बाबांचं मात्र दोन मिनिटांत.

*

दुरुस्त घड्याळ मी लगेच देत नाही. सात दिवस टांगतो आणि चिठ्ठीवर लिहितो : आज किती मागे, किती पुढे. हाताला सवय. नाकाचीही चिठ्ठी लावली.

पहिला आठवडा. दोन थेंब. मोकळं : दहा तास.
तिसरा आठवडा. सहा तास.
दुसरा महिना. तीन थेंब. साडेतीन तास.
चौथा महिना. चार थेंब. सव्वा तास.

दुरुस्तीनंतर रोज जास्तच मागे पडणारं घड्याळ दिलं, तर गिऱ्हाईक ते माझ्या तोंडावर फेकेल. मी बाबांच्या पाया पडत होतो.

"पूर्वज हट्टी आहे," बाबा म्हणाले. "यापुढे बाटली हॉलबाहेर जाणार नाही. हट्टी पूर्वजवाल्यांनी इथेच राहायला या."

ताईने नाव दिलं. तीन आठवड्यांनी वळकटी घेऊन जायचं.

"कायमची?"

"श्वास आहे तोवर."

"आणि इस्त्री?"

"ती तुझ्या डोक्यावर ठेव!" मग आवाज उतरला. "उशाशी बाटली नसली तर जीव जाईल असं वाटतं रे. तुला नाही वाटत?"

वाटत होतं. अंगावर सदरा नसला तरी चालेल, खिशात बाटली हवी.

त्याच रात्री एक रिकामी बाटली हाताला लागली. लोकर सोडली. आत बाटलीला चिकटलेला कागद, नखाने खरवडलेला. डोळ्याला भिंग लावलं. खरवडणाऱ्याची नखं माझ्यासारखी बारीक कामाची नसावीत. एक ओळ राहिली होती :

*…दिवसांपेक्षा अधिक काळ वापरू नये.*

*

डॉक्टरबाईंनी बाटली बाजूला ठेवली आणि चिठ्ठीच वाचत बसल्या.

"कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही. सवय."

"कुठलाही पेशंट इतकं सरळ लिहून आणत नाही हो! हे नाक उघडायचे साधे थेंब. औषधाच्या दुकानात मिळतात, चार-पाच दिवसांपुरते. नाकातल्या फुगलेल्या शिरा हे चिमटीत धरतात. लगेच मोकळं. चिमटी सुटली की शिरा आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. दार लावतो तोही थेंबच, उघडतो तोही."

"आणि पूर्वज?"

"बिचारा कधीच गेला."

त्यांनी पुन्हा तोच फवारा लिहिला. स्टेरॉइडचा. मी दचकलो.

"नाकापुरता आहे, थोडासा. सूज हळूहळू उतरवतो. आज काही होणार नाही, उद्याही नाही. दोन-तीन आठवडे रोज मारा. आणि खरं सांगते, ॲलर्जी नसलेल्या प्रत्येक नाकाला तो लागू पडतोच असं नाही. पुरावा जेमतेम आहे. कधी थोडं रक्तही येतं. म्हणून फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या दिशेने धरा."

"म्हणजे खात्री नाही?"

"खात्री हवी तर बाबांकडे जा."

मी उठलो नाही.

"थेंब एकदम सुटणार नाहीत. डावीकडे बंद करा, तिथे फक्त फवारा. उजवीकडे हवे तर घरात उरलेले घाला. एका खिडकीवर माणूस तगतो."

*

डावी. दिवस दुसरा. भिंत.

डावी. पाचवा. भिंत. रात्रभर बसून. उजवीवर जगलो. बाटली डावीकडे नेली. परत आणली.

नववा. भिंतीला चीर? नाही. भास.

तेरावा. चीर.

अठरावा. बेंझिनची बाटली उघडली. डावीकडून वास आला. घाणेरडा. किती छान.

*

एकविसाव्या दिवशी सकाळी ताई हॉलमध्ये वळकटीवर बसली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाची गोल काच नेली होती, मागे काळं कापड लावून.

"बाबा, माझा पूर्वज तपासा."

सकाळपासून थेंब घातला नव्हता. काच नाकाखाली धरून श्वास सोडला. डावीकडे वाफेचा मोठा डाग. उजवीकडे कोरडं. काच पहिल्या रांगेतून फिरली.

"पाहिलंत!" बाबा म्हणाले. "उजवीत अडकलाय. डावीतून तीर्थाने गेला!"

"डावीत तुमचं तीर्थ एकवीस दिवस नाही. उजवीत रोज आहे."

हॉलभर फक्त तोंडाने श्वास घेतल्याचे आवाज.

"म्हणजे अर्धाच पूर्वज गेला?" बसचा ड्रायव्हर म्हणाला. "कमरेखालचा की वरचा?"

कुणीतरी हसलं. बाबा म्हणाले, "शंका घेतली की दोन्ही बंद होतात, लेकरा."

"घेतली की. तरी माझी डावी चालू आहे, ऐका."

मी सगळं सांगितलं. शिरा, चिमटी, खरवडलेला कागद. रिकाम्या बाटलीशेजारी भिंग ठेवलं. काहींनी पाहिलं. बरेच जण बाटलीच्या रांगेतून हलले नाहीत. त्यांना राग आला नाही, भीती वाटली. ती मला ओळखीची होती.

ताईने काच मागितली. श्वास सोडला. दोन्हीकडे कोरडं. पुसून पुन्हा सोडला.

"किती दिवस भिंत?"

"मला तेरा. तुला फवारा लागू पडेलच असं नाही. आधी बाईंना दाखवू."

"नाही पडला तर?"

"तर त्या तसं सांगतील."

तिने वळकटी काखेत घेतली. "चल. डावीपासून ना?"

आज तिची डावी, चौथा दिवस. माझी उजवी, चौथा दिवस. पुढच्या खोलीतून शिव्या ऐकू येतात. मधल्या भिंतीवर दोन चिठ्ठ्या टांगल्या आहेत.

तुम्हीही चिठ्ठी लावा. गुण किती लवकर आला ते लिहा, पण किती टिकला तेही लिहा. टिकणं रोज कमी होत असेल तर ते औषध नव्हे, साखळी आहे. आणि कुणी पूर्वजाचं नाव घेऊन बाटली पुढे केली, तर लोकर सोडा आणि एवढंच विचारा : कागद कोणी खरवडला?