कमानपाट्यांची शेड

पोरगी दुसऱ्यांदा आली तेव्हाच गोकुळदासला वाटलं, हिला कोणीतरी पाठवलंय. आजकाल फुकट कोण कोणाच्या आठवणी ऐकायला येतो? आणि त्याही सुर्ल्याच्या या गल्लीच्या! एके काळी इथे खनिजाचे ट्रक दुरुस्त करणारी अकरा गॅरेजं होती. खाणी बंद पडल्या आणि एकेकाला कुलूप लागलं. उरली ती गोकुळदासची शेड, ट्रकांचे कमानपाटे तापवून वाकवायची, आणि तीही आता कोर्टात अडकलेली. भाटकाराला, म्हणजे जमिनीच्या मालकाला, जागा विकायची होती. वकिलाने बजावलं होतं, "पहिल्यापासून शेड तू एकट्यानेच चालवलीस, एवढंच सांग. दुसऱ्याचं नाव निघालं की पोटभाडेकरू ठेवला म्हणतील, केस गेली."

पोरीचं नाव रेश्मा. तिने मोबाइल स्टुलावर ठेवला. पडद्यावर सेकंद पळत होते. रेकॉर्डिंग, दुसरं काय! गोकुळदास काही दुधखुळा नव्हता.

"काका, भट्टी कशी पेटवायचात?"

"काडयेन."

"आणि घण कोण मारायचं?"

आलीच मुद्द्यावर! "मीच."

"मग पाटा कोण धरायचं?"

"तोय मीच."

तापलेला पाटा एकाने धरायचा आणि घण दुसऱ्याने मारायचा, हे काम एकट्याचं नव्हेच. शेंबड्या पोरालाही ही थाप कळली असती. तिलाही कळली.

"रघुनाथ नावाचे कोणी होते ना?"

भाटकाराने एवढ्या खोलवर खणलं तर! गोकुळदास मोबाइलकडे वाकून ठसक्यात बोलला, "कोण रघुनाथ? हय मी एकटोच. दुसरो कोण नाय!"

मोबाइलमधून कोणीतरी खोकलं. मग दबका आवाज आला, "गोकुळ, इन्स्पेक्टर गेलो काय रे? मी भायर येव?"

रेश्माचा चेहरा उतरला. "फोनवर बाबा आहेत, सावंतवाडीहून. अंथरुणाला खिळलेत, मलाही ओळखत नाहीत. मनाने दिवसभर या शेडमध्येच असतात. त्यांना तुमचा आवाज ऐकवायचा होता. परवा तर तुम्ही नाव सांगायच्या आधीच हाकललंत."

हाही डाव असेल, असं गोकुळदासच्या मनात आलंच. आवाज काय, कोणाचाही काढता येतो. पण तो कोळशाचा खोकला त्याने चोवीस वर्षं रोज ऐकला होता. रघुनाथचे कामाचे कागद त्याने कधी केलेच नव्हते. कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला की रघुनाथ कोळशाच्या ढिगामागे दबून बसे आणि गोकुळदास 'हय मी एकटोच' हेच वाक्य ठोकून देई. इन्स्पेक्टरला चहा पाजून परत धाडेपर्यंत तो माणूस तिथे मुकाट बसायचा, एकदाही कुरकुरला नाही. गोकुळदासला स्वतःची मनापासून लाज वाटली.

फोनच्या पलीकडे रघुनाथ उत्तराची वाट बघत होता. पोरगी ऐकत होती, उद्या कोर्टात सांगेलही. केस जायची तर जावो.

गोकुळदासने मोबाइल दोन्ही हातांनी उचलला.

"गेलो रे रघू. ये भायर. आता परत लपा नको."